जुना डिजिटल एसएलआर घेताना आणि शिकताना: निकॉन डी९० च्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००८ सालचा कॅमेरा आज विकत घेण्यात अर्थ आहे का?

शिकण्यासाठी घेत असाल, तर नक्कीच आहे. निकॉनने डी९० हा लेन्स बदलता येणारा डिजिटल एसएलआर कॅमेरा ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर केला. त्याचा सेन्सर १२.३ मेगापिक्सेलचा आहे आणि त्याचे चित्र ४२८८ बाय २८४८ ठिपक्यांचे येते. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचे म्हटले, तरी साधारण १४ बाय ९ इंचांची स्वच्छ प्रत निघते. घरातल्या भिंतीवर यापेक्षा मोठा फोटो क्वचितच लागतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की छायाचित्रणाच्या ज्या तीन किल्ल्या आहेत, म्हणजे लेन्सचे छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी), त्या तिन्ही या कॅमेऱ्यात बोटांखाली येतात. पुढे आणि मागे अशी दोन चाके आहेत, नेमका प्रकाशमापक आहे आणि काचेच्या प्रिझमचा स्वच्छ व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, आहे. त्या काळच्या स्वस्त कॅमेऱ्यांत एकच चाक आणि आरशांचा अंधुक व्ह्यूफाइंडर असे, त्यामुळे छिद्र आणि वेग दोन्ही स्वतः बदलताना शिकणाऱ्याला बटण दाबून धरावे लागे.

माझ्या मोबाइलपेक्षा फोटो चांगले येतील का?

काही बाबतींत येतील, काही बाबतींत येणार नाहीत. आजचा फोन रात्री एका पाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो, आकाश आणि सावली दोन्ही सांभाळतो आणि हात हलला तरी वेळ निभावून नेतो. डी९० यातले फारसे काही करत नाही. तो तुम्ही सांगितलेला प्रकाश तुम्ही सांगितलेल्या वेळेपुरता घेतो आणि जे मिळाले ते पुढ्यात ठेवतो. पण चेहरा स्पष्ट आणि मागचे अंगण हळुवार धूसर, हा परिणाम फोन बहुधा गणिताने तयार करतो आणि केसांच्या कडांशी फसतो. इथे तो लेन्समधून आपोआप येतो. पहिले काही आठवडे तुमचे फोटो फोनपेक्षा वाईट येण्याची शक्यता बरीच आहे. ते गृहीत धरूनच कॅमेरा घ्यावा.

डी९० च का? दुसरा कोणता घेतला तर?

हा एकमेव पर्याय मुळीच नाही. निकॉनचा डी४० (२००६) लहान, हलका आणि ६ मेगापिक्सेलचा आहे. त्याचे रंग अनेकांना आवडतात, पण त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. डी७००० (२०१०) हा डी९० पेक्षा सरस आहे: १६.२ मेगापिक्सेल, दोन कार्डांची सोय आणि लेन्सनुसार फोकस सूक्ष्म जुळवून घेण्याची सोय. किंमत जुळत असेल, तर तोच घ्या. कॅननचा मूळ ५डी (२००५) पूर्ण आकाराच्या सेन्सरमुळे मोह पाडतो. मात्र त्याला जुन्या पद्धतीचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागते, त्यात कॅननच्या लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स बसत नाहीत आणि आतला आरसा निखळण्याची तक्रार त्या मॉडेलमध्ये प्रसिद्ध आहे. डी९० मी सुचवतो, कारण त्याच्या बॉडीत मोटर असल्याने स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या, स्वस्त एएफ-डी लेन्सही आपोआप फोकस करतात आणि तो चांगल्या स्थितीत अजूनही मिळतो.

कुठून घ्यावा?

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने एकमेकांना लागून आहेत आणि तिथे वापरलेला माल हाताळून पाहता येतो. ऑनलाइन जाहिरातीतून घेणार असाल, तर प्रत्यक्ष भेटून, दिवसाउजेडी, स्वतःचे कार्ड सोबत नेऊन घ्या. पाहण्याआधी पैसे पाठवू नका, मग विक्रेता कितीही सज्जन वाटो. मूळ बिल असेल तर त्यावरचा अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या अनुक्रमांकाशी ताडून पाहा. बिल नसेल, तर विकणाऱ्याकडून नाव, तारीख आणि अनुक्रमांक लिहिलेली साधी सहीची पावती तरी घ्यावी. चोरीची वस्तू पदरात पडू नये, एवढ्यासाठी ही पाच मिनिटे खर्च करायलाच हवीत.

शटर काउंट कसा पाहायचा आणि किती असला तर चालेल?

शटर काउंट म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा. निकॉनचे एसएलआर कॅमेरे प्रत्येक फोटोच्या आतल्या माहितीत तो लिहून ठेवतात. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल संगणकावर एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली, की तो दिसतो. विक्रेत्याकडून फोटो व्हॉट्सॲपवर मागवत असाल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या फोटोसारखा पाठवला तर ही माहिती गळून जाते. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हा आकडा फोटोत नसतो, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर आणि केबल लागते.

डी९० चे शटर १ लाख वेळा उघडझाप करण्याच्या चाचणीतून गेलेले आहे. ही काही कालबाह्य होण्याची तारीख नव्हे. काही शटर त्याच्या बरेच पुढे जातात, काही त्याच्या आधीच थांबतात.

येथे माझे मत बहुतेकांच्या उलट आहे. '३,००० फोटोच काढलेत, अगदी नव्यासारखा' ही जाहिरात वाचून लोक धावतात. मी मात्र ४०,००० फोटो काढलेला, आजवर नियमित वापरात असलेला कॅमेरा निवडीन. ३,००० फोटोंचा कॅमेरा म्हणजे आठ-दहा पावसाळे कपाटात पडून राहिलेला कॅमेरा. त्याच्या लेन्समध्ये बुरशी, बॅटरीत मरगळ आणि रबरात चिकटपणा असण्याचीच शक्यता जास्त. दुसऱ्या टोकाला, लग्नसराईत राबलेली लाखभर फोटोंची बॉडी स्वस्तात मिळाली तरी शिकणाऱ्याने ती टाळावी.

कॅमेरा हातात आल्यावर नेमके काय तपासावे?

अर्धा तास मागून घ्या आणि घाई करू नका. सोबत चार्ज केलेली बॅटरी असेल याची आधीच खात्री करा. स्वतःचे ८ किंवा १६ जीबीचे कार्ड, एक छोटा टॉर्च आणि एक वर्तमानपत्र घेऊन जा.

आधी बॉडी हातात धरा. मागच्या बाजूला अंगठा टेकतो तिथले रबर आणि उजव्या मुठीचे रबर दाबून पाहा. आपल्या दमट हवेत आणि हाताच्या घामाने हे रबर फुगते, ताणल्यासारखे सैल होते आणि कडेने सुटू लागते. ते बदलता येते, त्यामुळे त्या कारणाने कॅमेरा नाकारू नका. किंमत मात्र कमी करून मागा. तळाचे स्क्रू पाहा. त्यांच्या खाचा झिजलेल्या असतील, तर कॅमेरा कोणीतरी उघडलेला आहे. का उघडला होता, हे विचारा आणि उत्तर देताना विक्रेता किती अडखळतो तेही पाहा.

मग व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. सगळे धूसर दिसले तर घाबरू नका. डोळ्याजवळचे छोटे चाक फिरवून तो आपल्या नजरेला जुळवावा लागतो. चष्मा असलेल्या कितीतरी जणांनी या एका चाकाअभावी चांगला कॅमेरा परत दिलेला मी पाहिला आहे.

लेन्सला झाकण लावून, आयएसओ ८०० वर, एक सेकंदाचा आणि दहा सेकंदांचा असे दोन फोटो काढा. पडद्यावर ते मोठे करून पाहा. काळोखात लाल, निळे, पांढरे ठिपके चमकत असतील तर ते सेन्सरचे बिघडलेले ठिपके होत. दहा सेकंदांच्या फोटोत चार-दोन दिसले तर काही बिघडत नाही, चांदणे पसरल्यासारखे दिसले तर कॅमेरा सोडून द्या. त्यानंतर छिद्र एफ/१६ वर (एफ पुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. त्यात पुसट करडे डाग दिसतील. ती सेन्सरवरची धूळ असते आणि बहुधा साफ करता येते. रेघ दिसली, किंवा धागे-धागे दिसले, तर तो ओरखडा किंवा बुरशी असू शकते. असा कॅमेरा घेऊ नका.

वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरक्या कोनातून मधल्या एका ओळीवर फोकस करा आणि छिद्र पूर्ण उघडे ठेवून फोटो घ्या. मोठा करून पाहिल्यावर तीच ओळ सर्वांत स्पष्ट दिसली पाहिजे. दोन ओळी पुढची किंवा मागची स्पष्ट असेल, तर फोकस सरकलेला आहे, आणि डी९० मध्ये तो मेन्यूतून जुळवण्याची सोय नाही. एवढ्यासाठी ही चाचणी चुकवू नये.

शेवटी १/४००० सेकंदाला एका उजळ भिंतीचे दहा-बारा फोटो सलग काढा. सगळे सारख्याच उजेडाचे आले पाहिजेत. एखाद्यात काळी पट्टी आली, तर शटर थकले आहे. फ्लॅश उघडून, दोन्ही चाके फिरवून, प्रत्येक बटण दाबून आणि कार्डाचे दार उघडझाप करून पाहिले, की तपासणी झाली.

लेन्समध्ये बुरशी आहे हे कसे ओळखायचे?

लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणे काढा, एका बाजूने तिरका टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. धूळ सुट्या कणांसारखी दिसते आणि ती सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असते. बुरशी मात्र काठाकडून आत पसरणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा फांद्या फुटलेल्या बारीक मुळांसारखी दिसते. सगळ्या काचेवर दुधासारखा पडदा दिसत असेल, तर तोही दोषच. बुरशी जुनी असेल तर काचेवरचा लेप खाऊन टाकते, मग साफ केली तरी तिची खूण राहते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी इतर लेन्सच्या डब्यात ठेवू नका.

कॅमेऱ्यावर 'एफ-ई-ई' असे येते आणि फोटो निघत नाही. बिघडला का?

नाही. लेन्सवर छिद्राची कडी असेल, तर ती सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे बहुधा २२ वर, फिरवून तिथल्या खटक्याने अडकवावी लागते. तसे केले की संदेश नाहीसा होतो. 'बंद' म्हणून कमी किमतीत विकल्या जाणाऱ्या काही कॅमेऱ्यांचा बिघाड एवढाच असतो. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दिसत असतील, तर लेन्सच्या मागचे धातूचे ठिपके कोरड्या, स्वच्छ सुती कापडाने हलके पुसा आणि खटका ऐकू येईपर्यंत लेन्स फिरवून बसवा.

बॅटरी आणि कार्ड कोणते चालते?

बॅटरी ईएन-ईएल३ई. शेवटचे अक्षर नीट वाचा. ईएन-ईएल३ आणि ईएन-ईएल३ए या दिसायला तशाच असलेल्या जुन्या बॅटऱ्या यात चालत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटअप मेन्यूत बॅटरीची माहिती पाहता येते. तिथे बॅटरीचे वय ० ते ४ या मापात दाखवतात: ० म्हणजे ताजी, ४ म्हणजे बदलण्याच्या लायकीची. घेताना हा आकडा पाहा आणि त्यावरून किमतीबद्दल बोला.

कार्ड एसडी किंवा एसडीएचसी, म्हणजे ३२ जीबीपर्यंतचे. ६४ जीबीची आणि त्याहून मोठी एसडीएक्ससी कार्डे या कॅमेऱ्यानंतर आलेल्या मानकाची आहेत, ती घेऊ नका. रॉ, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, सुमारे १० एमबीची असते, त्यामुळे १६ जीबीत हजाराहून जास्त फोटो मावतात. कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

पहिली लेन्स कोणती घ्यावी?

कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-१०५ मिमीची झूम लेन्स येते. ती उपयोगी आहे, पण तिचे मागचे कडे प्लास्टिकचे आहे. पडलेल्या लेन्सवर तिथे तडा असतो, तो तपासा. शिकण्यासाठी मात्र झूम नसलेली, एकाच लांबीची लेन्स हवी. माझी पहिली पसंती ३५ मिमी एफ/१.८ एएफ-एस डीएक्स हिला आहे. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने दृश्य दीडपट जवळचे होते, म्हणून ३५ ची लेन्स साधारण ५२ सारखी वागते, डोळ्याला दिसते त्याच्या जवळपास. पैसे कमी असतील तर ५० मिमी एफ/१.८ डी घ्या. ती डी९० वर फोकस करते, डी४० वर करणार नाही. बॉडी थोडी कमी प्रतीची घेऊन वाचलेले पैसे लेन्सवर घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

शिकायला सुरुवात कुठून करू?

पहिल्या दिवशी हिरव्या ठिपक्यांची दोन्ही बटणे दोन सेकंद एकत्र दाबा. आधीच्या मालकाच्या बऱ्याचशा सेटिंग त्याने पुसल्या जातात. घड्याळ लावा. मग वरची चकती 'ए' वर ठेवा आणि महिनाभर तिथून हलवू नका. या पद्धतीत छिद्र तुम्ही ठरवता आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो.

एक अभ्यास सांगतो. सकाळी घरात कोणीतरी दाराशी तांदूळ निवडत बसले असेल, तर त्यांना तसेच बसू द्या आणि ३५ ची लेन्स लावून चार फोटो घ्या: एफ/१.८, एफ/४, एफ/८, एफ/१६. पहिल्यात सुपातला एक दाणा आणि बोटाचे टोक स्पष्ट येईल, मनगट धूसर होईल. दुसऱ्यात हात येईल, तिसऱ्यात चेहरा आणि हात दोन्ही सापडू लागतील. चौथ्यापर्यंत शटरचा वेग इतका उतरलेला असेल, की निवडणारी बोटे हलल्यासारखी दिसतील. छिद्र लहान केल्यावर काय मिळते आणि काय द्यावे लागते, हे या चार फोटोंत दिसते. कितीही व्याख्या पाठ केल्या तरी ते असे कळत नाही.

हात स्थिर राहण्यासाठी शटरचा वेग लेन्सच्या लांबीच्या दीडपटीपेक्षा कमी ठेवू नये: ५० मिमीला साधारण १/८०, १०५ मिमीला १/१६०. आणि भर उन्हात एक जुना नियम वापरून पाहा: छिद्र एफ/१६, शटर आयएसओइतके, म्हणजे आयएसओ २०० ला १/२००. तोच प्रकाश एफ/८ ला १/८०० ने मिळतो. महिना झाल्यावर चकती 'एम' वर, म्हणजे छिद्र आणि वेग दोन्ही तुम्हीच ठरवायच्या पद्धतीवर, ठेवून एक दुपार अशी घालवली, की मापकाशिवाय उजेडाचा अंदाज यायला लागतो.

पांढरे कपडे करडे आणि काळा दगड फिकट का येतो?

प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. वारीत पांढऱ्या धोतर-टोप्यांनी चौकट भरली, की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळवंडतो. वेरूळच्या कैलास लेण्याचा काळा बेसाल्ट समोर असला, की तो उलट उजळवतो आणि दगडाचा सगळा भारदस्तपणा जातो. उपाय एकच: अधिक-उणे चिन्हाचे बटण धरून चाक फिरवा. पांढऱ्यासाठी अधिक ०.७ पासून, काळ्यासाठी उणे ०.७ पासून सुरुवात करा. मला स्वतःला हे बटण उमगले, त्या दिवसापासून माझे फोटो बदलले.

रॉ मध्ये काढू की जेपेग?

पहिला महिना दोन्ही एकत्र. डी९० ची रॉ फाइल १२ बिटांची असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ४,०९६ पायऱ्या. जेपेगमध्ये २५६ असतात. सावलीतला चेहरा नंतर उजळायचा असेल, तर हा फरक दिसतो. उघडण्यासाठी निकॉनचे एनएक्स स्टुडिओ, तसेच डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सगळी सॉफ्टवेअर मोफत आहेत. मात्र पूर्ण पांढरा पडलेला भाग रॉ मधूनही परत येत नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत, रात्री चालेल का?

आयएसओ १६०० पर्यंत निर्धास्त वापरा. ३२०० ला कण दिसतात, पण कृष्णधवल केल्यास शोभतात. छिद्र एफ/२ च्या आसपास, शटर १/१२५, आणि फोकस मधल्या ठिपक्यावर. व्ह्यूफाइंडरमधल्या फोकसच्या अकरा ठिपक्यांपैकी तोच अंधारात सर्वांत भरवशाचा. कॅमेऱ्यातला फ्लॅश बंद ठेवा, त्याने गुलालाचे हवेतले कण पांढरे ठिपके होऊन बसतात. आणि गुलाल असताना लेन्स कधीही बदलू नका.

पावसाळ्यात कसा सांभाळायचा?

माझी एक ५० मिमीची लेन्स मी एका पावसाळ्यात तिच्याच चामडी पाकिटात, बंद कपाटात ठेवली होती. दसऱ्याला काढली, तेव्हा काठावर बुरशीच्या तीन फांद्या फुटलेल्या होत्या. चामडे आणि कापड ओल धरून ठेवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तेव्हापासून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक, एवढी सोय मी पाळतो. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. फार कोरडेही बरे नाही. जेलचा रंग बदलला, की ते तापवून पुन्हा वापरता येते. त्याहून मोठा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरणे. पावसातून आल्यावर आधी पुसा, पंख्याखाली वाळू द्या, मगच डब्यात ठेवा. धूळ तोंडाने फुंकू नका, रबरी ब्लोअर वापरा.

त्याच काळातला खिशात मावणारा छोटा कॅमेरा घेतला तर?

हौस म्हणून घ्या, पण कार्ड आधी तपासा. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड आणि सोनीच्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते. कार्डाशिवाय कॅमेरा घेऊन नंतर ते शोधत फिरण्यात हाल होतात. लेन्स बाहेर येताना करकरली किंवा मध्येच अडकली, तर दुरुस्ती बहुधा किमतीपेक्षा महाग पडते.

फोटो फोनवर कसे घ्यायचे?

डी९० मध्ये वायफाय नाही. फोनला लागणारा ओटीजी कार्ड रीडर घ्या, कार्ड त्यात घाला आणि जेपेग उतरवून घ्या.

याच्या पुढचा कॅमेरा कधी घ्यावा?

डी९० ला जे जमत नाही ते तुम्हाला दर आठवड्याला लागू लागेल, तेव्हा. चित्रफीत हा त्याचा कच्चा दुवा आहे: ७२० ओळींची, एका वेळी ५ मिनिटांची, आणि चित्रण चालू असताना आपोआप फोकस नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात उडणारे पक्षी टिपायचे असतील, तर सेकंदाला साडेचार फोटो आणि ही फोकसची यंत्रणा अपुरी पडते. यांपैकी एखादे तुमचे काम असेल तर नवी बॉडी शोधा. निकॉनचाच एसएलआर घेणार असाल, तर जमवलेल्या लेन्स विकू नका. त्या नव्या बॉडीवरही लागतील, फक्त त्या बॉडीत फोकसची मोटर आहे का, एवढे आधी पाहून घ्या.